फ्रेमवाला, अडत्या आणि मुंबईचे बंडखोर चित्रकार

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीज लिलावात एम. एफ. हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' हे १९५४ सालचं चित्र १३७.५ लाख डॉलरला गेलं. रुपयांत साधारण ११८ कोटी. हे चित्र काही दशकं नॉर्वेतल्या ऑस्लोच्या एका हॉस्पिटलमध्ये लावलेलं होतं. पंढरपूरला जन्मलेल्या, तरुणपणी सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या माणसाचं चित्र. बातमी वाचून आमच्या ऑफिसात ज्या प्रतिक्रिया आल्या त्या नेहमीच्याच: "एवढं काय आहे त्यात?" आणि "काळा पैसा, दुसरं काय!"

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. किंमत राहू द्या बाजूला. पण हे चित्र हिंदुस्तानाबाहेर गेलं कसं? कुणीतरी ते पाहिलं असणार, कुणीतरी विकलं असणार, त्याआधी कुणीतरी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं असणार. कलेच्या इतिहासात चित्रकारांची नावं असतात, फार तर समीक्षकांची असतात. या मधल्या माणसांचं काय? म्हणून गेले काही शनिवार-रविवार मी हेच वाचत बसलो होतो. त्याचा हा हिशेब.

आधी थोडं बाहेरचं बघू. फ्रान्समध्ये इम्प्रेशनिस्ट चित्रकारांना लोक हसत होते, तेव्हा पॉल द्युराँ-र्‍युएल नावाचा दुकानदार त्यांची चित्रं विकत घेऊन साठवत होता. साठवता साठवता कर्जबाजारी झाला. शेवटी १८८६ साली सुमारे ३०० चित्रं घेऊन तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथे प्रदर्शन भरवलं. पॅरिसमध्ये जे खपत नव्हतं ते अमेरिकेत खपायला लागलं. पुढच्या वर्षी त्याने तिथे शाखाच काढली. आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत मोने आणि रेन्वारची एवढी चित्रं दिसतात, त्यामागे या एका व्यापाऱ्याची उधारी आहे.

नंतर कानवायलर. हा जर्मन. त्याने १९०७ साली पॅरिसमध्ये छोटीशी गॅलरी काढली आणि पिकासो, ब्राक वगैरे मंडळींशी करार केले. तुम्ही चित्रं काढा, माझ्याकडे द्या, मी तुम्हाला पैसे देत राहतो. क्युबिझम हा प्रकार त्या पैशावर उभा राहिला. १९१४ साली महायुद्ध सुरू झाल्यावर कानवायलर 'शत्रूराष्ट्राचा नागरिक' ठरला, त्याचा सगळा माल फ्रेंच सरकारने जप्त केला आणि १९२१ ते १९२३ या काळात लिलावात फुंकून टाकला. आणि तिसरा, ज्युलियन लेव्ही. याने १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये गॅलरी उघडली आणि जानेवारी १९३२ मध्ये तिथे सर्रिअ‍ॅलिस्टांचं प्रदर्शन केलं. दालीचं ते वितळलेल्या घड्याळांचं जगप्रसिद्ध चित्र त्यात होतं. ते लेव्हीनेच २५० डॉलरला घेतलं होतं.

शिरूर किंवा दौंडच्या माणसाला यातलं काहीच परकं वाटू नये. आपल्याकडे मार्केट यार्डात अडत्या हेच तर करतो. शेतकऱ्याला नडीला उचल देतो, माल आपल्या गाळ्यावर लावतो, गिऱ्हाईक शोधतो, भाव पाडून घेतो किंवा चढवून घेतो, आणि वर्षानुवर्षं आडत, हमाली, तोलाई कापून शेतकऱ्याच्या हातात पट्टी ठेवत आला. शेतकरी त्याला शिव्याही घालतो आणि त्याच्याशिवाय त्याचं पानही हलत नाही. कानवायलरची पिकासोला दिलेली रक्कम म्हणजे चक्क उचल. फरक एवढाच की कांदा सडतो, चित्र सडत नाही. त्यामुळे चित्राच्या अडत्याला वीस वर्षं थांबता येतं. फक्त तोपर्यंत त्याच्या घरची चूल पेटती राहायला हवी. ही अट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता मुंबईत येऊ.

१९४७ साली सहा तरुणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' काढला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, के. एच. आरा, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. नावं वाचा आणि गावं बघा. सूझा गोव्यातल्या साळगावचे. गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. रझा मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातले. हुसेन पंढरपूरचे. आरा सिकंदराबादजवळच्या बोलारमचे. मुंबईत घरगडी म्हणून राबलेले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. म्हणजे मुंबईचं हे जे 'मॉडर्न' बंड म्हणतात, ते बहुतांशी गावाकडून आलेल्या पोरांनी केलेलं होतं.

बंड कशाविरुद्ध? एकीकडे जे. जे. स्कूलमधलं इंग्रजी वळणाचं हुबेहूब चित्रण, दुसरीकडे बंगालमधलं जरा हळवं पुनरुज्जीवन. यांना दोन्ही नको होतं. यांना सेझान, मातीस, पिकासो यांनी युरोपात जे सुरू केलं होतं ते हवं होतं, पण आपल्या मातीत. आता गंमत बघा. यांतल्या कुणीच तोवर युरोप पाहिला नव्हता. मग हे बी मुंबईत आलं कुठून?

हिटलरमुळे! अक्षरशः. १९३३ साली रूडी फॉन लायडन हा भूगर्भशास्त्र शिकलेला जर्मन तरुण नाझी राजवटीला वैतागून मुंबईला आला आणि पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलासमीक्षा लिहायला लागला. १९३८ साली व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आला. त्याची बायको ज्यू होती. तो 'टाइम्स'चा आर्ट डायरेक्टर झाला. त्याच सुमारास इमॅन्युएल श्लेसिंजर हा व्हिएन्नाचाच व्यावसायिक आला आणि औषधांच्या धंद्यात पडला. लँगहॅमरच्या नेपियन सी रोडवरच्या घरी या तरुण चित्रकारांचा अड्डा जमायचा. तिथे युरोपियन चित्रांच्या छापील प्रती बघायच्या आणि त्यावर वाद घालायचे. लँगहॅमर शिकवणार, लायडन पेपरात लिहिणार, श्लेसिंजर चित्रं विकत घेणार. शिक्षक, समीक्षक आणि गिऱ्हाईक, तिघंही निर्वासित. ज्या कलेला नाझींनी 'सडकी' म्हणून युरोपातून हाकललं, तिला मुंबईत असे तीन पुरस्कर्ते मिळाले.

पण चौथा पाय कमी होता. दुकान!

त्या वेळी मुंबईत चित्रं लावायची म्हणजे बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन. ही संस्था १८८८ सालची. बक्षिसं द्यायची, पण तिथल्या निवड समितीला मान्य होईल तेवढंच भिंतीवर जायचं. प्रोग्रेसिव्हांचं पहिलं प्रदर्शन जुलै १९४९ मध्ये रँपार्ट रोवर सोसायटीच्याच सलोनमध्ये झालं, मुल्कराज आनंद यांनी उद्घाटन केलं. पुढे १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून झालेली ही फार मोलाची सोय. पण 'जहांगीर' म्हणजे मंगल कार्यालयासारखी आहे. तारीख घ्या, भाडं भरा, आठवडाभर चित्रं लावा, आठवडा संपला की गुंडाळून घरी न्या. पुढच्या सोमवारी एखाद्याला तुमचं चित्र घ्यावंसं वाटलं तर त्याने जायचं कुठे?

इथे केकू गांधी येतात. नावाने गांधी, पण पारशी, बांद्र्याचे. केंब्रिजला शिकत होते, महायुद्ध सुरू झालं आणि परत जाणं राहून गेलं. रॉजर व्हॅन डाम नावाच्या एका बेल्जियन गृहस्थाशी योगायोगाने ओळख झाली आणि त्यातून १९४१ साली फ्रेमच्या पट्ट्या बनवायचा धंदा सुरू झाला. नाव 'केमोल्ड', म्हणजे केमिकल मोल्डिंगचं छोटं रूप. प्रिन्सेस स्ट्रीटला दुकान होतं. लँगहॅमर आणि मंडळींशी ओळख झाल्यावर केकूंनी एक साधी गोष्ट केली. फ्रेम विकायला रिकामी फ्रेम का लावायची? आरा, हुसेन, रझा यांची चित्रं फ्रेममध्ये घालून दुकानाच्या दर्शनी भागात लावून टाकली.

मला हा क्षण फार आवडतो. प्रिन्सेस स्ट्रीटवरून जाणारा माणूस देवाचा फोटो किंवा लग्नाचा ग्रूप फोटो फ्रेम करायला येणार आणि त्याला समोर आराचं चित्र दिसणार. मान्यवर नाहीत, दीपप्रज्वलन नाही. दुकान आहे, आत या, बघा, भाव विचारा. 'भाव विचारता येणं' ही कलेच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे असं माझं मत झालंय. संग्रहालयात तुम्ही फक्त प्रेक्षक असता. दुकानात तुम्ही गिऱ्हाईक असता, म्हणजे तुमच्या आवडीनिवडीला किंमत असते.

दुकानाची गॅलरी व्हायला मात्र वीसेक वर्षं गेली. १९६३ साली केकू आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी 'जहांगीर'च्याच पहिल्या मजल्यावर 'गॅलरी केमोल्ड' सुरू केली. ती २००७ साली फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडला हलली. १९६३ सालीच काली पंडोल यांनी फ्लोरा फाउंटनजवळ पंडोल आर्ट गॅलरी काढली. तेही मूळचे फ्रेमवाले! दिल्लीतलं धूमीमल बघा: मूळ धंदा कनॉट प्लेसमध्ये स्टेशनरी आणि छपाईचा, १९३६ पासून चित्रांचाही. उलट उदाहरण बाल छाबडा यांचं. त्यांनी १९५९ साली 'गॅलरी ५९' काढली. माणूस दर्दी, सगळे मोठे चित्रकार त्यांचे दोस्त. पण ती गॅलरी फार काळ टिकली नाही.

मघाची अट आठवली का? चूल पेटती राहायला हवी. केमोल्ड आणि पंडोल टिकले कारण फ्रेमचा धंदा घर चालवत होता आणि चित्रांना थांबायला जागा देत होता. आमच्या धंद्यात ओपन सोर्सचे प्रकल्प असेच जगतात. कोड कितीही सुंदर असो, सर्व्हरचं भाडं कुणीतरी दुसऱ्या कमाईतून भरत असतं.

आता उलटा प्रवास. मुंबईची ही मंडळी परदेशी गेली तेव्हा काय झालं?

सूझा १९४९ सालीच लंडनला गेले. मुंबईत चित्रांवर अश्लीलतेचा आरोप आणि मागे पोलिसांचं लचांड. लंडनमध्ये पहिली पाचेक वर्षं अक्षरशः हाल. मग १९५५ साली कवी स्टीफन स्पेंडर यांनी 'एन्काउंटर' मासिकात त्यांचा आत्मकथनात्मक लेख छापला आणि त्याच वर्षी व्हिक्टर मस्ग्रेव्ह यांच्या 'गॅलरी वन'मध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. सगळी चित्रं विकली गेली. मस्ग्रेव्ह हे अफलातून प्रकरण होतं. १९५३ साली लंडनमध्ये गॅलरी काढली. फ्रान्सच्या ईव्ह क्लाईनचं लंडनमधलं पहिलं प्रदर्शन १९५७ साली तिथेच झालं, आणि ब्रिजेट रायलीचं पहिलं एकल प्रदर्शनही, १९६२ साली. म्हणजे सूझा 'भारतीय' कोपऱ्यात बसलेले नव्हते, लंडनच्या सगळ्यात नव्या कलेच्या पंगतीत होते. १९५६ नंतर हॅरोल्ड कोव्हनर हा अमेरिकन संग्राहक त्यांना नियमित पैसे देऊन चित्रं घेत राहिला. पुन्हा उचल! १९५८ साली याच गॅलरीत युरोपात राहणाऱ्या सात भारतीय चित्रकारांचं एकत्र प्रदर्शनही झालं.

आणि मग १९६३ साली गॅलरी वन बंद झाली. त्यानंतर सूझांची प्रदर्शनं झाली, १९६६ साली ग्रोव्हनर गॅलरीत त्यांनी काळ्यावर काळ्या रंगात काढलेली चित्रं दाखवली. पण पाठीशी सतत उभा राहणारा माणूस गेला होता. १९६७ साली ते न्यूयॉर्कला गेले आणि ब्रिटिश कलेच्या इतिहासातून जवळजवळ पुसले गेले. १९८९ साली रशीद अराईन यांनी हेवर्ड गॅलरीत 'द अदर स्टोरी' हे प्रदर्शन केलं तेव्हा कुठे लंडनला आठवलं की अरे, हाही इथलाच होता.

रझांचं वेगळं. १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. १९५२ साली रझा, सूझा आणि अकबर पदमसी यांनी तिथल्या गॅलरी सँ-प्लासिदमध्ये एकत्र प्रदर्शन केलं, पुढच्या वर्षी रेमों क्रूझ यांच्या गॅलरीत. १९५६ साली रझांना समीक्षकांचा पुरस्कार मिळाला आणि लारा व्हिन्सी ही पॅरिसची गॅलरी त्यांच्यामागे कित्येक वर्षं उभी राहिली. दुकान टिकलं, म्हणून चित्रकार तिथे टिकला. रझा साठ वर्षं फ्रान्समध्ये राहून २०१० साली परत आले.

आणि बाकरे? १९५१ साली लंडनला गेले, जवळजवळ पाव शतक राहिले, १९७५ साली परतले ते थेट दापोलीजवळच्या मुरूड-हर्णैला. २००७ साली तिथेच वारले. सहांपैकी एक, पण मराठी माणसालाही नाव पटकन आठवत नाही. गाडे विज्ञान शिकलेले, निसर्गचित्रं भूमितीत मांडणारे. तेही मागेच पडले. आरांनी आयुष्याचा मोठा भाग मुंबईच्या आर्टिस्ट्स सेंटरमध्ये इतरांची प्रदर्शनं होण्यासाठी घालवला. सगळा दोष गॅलऱ्या नसण्यावर ढकलता येणार नाही. शिल्प जड असतं, स्वभाव वेगळे असतात, नशीबही असतं. पण ज्यांच्यामागे कुणीतरी दुकानदार सातत्याने उभा राहिला त्यांची नावं उरली, हा नमुना फार ठळक आहे.

'व्यापाऱ्यांनी कला बाटवली' असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. अडत्यावर जो आक्षेप आहे तोच गॅलरीवर आहे आणि तो खोटा नाही. जे खपतं तेच काढायचा दबाव येतो. स्वस्तात घेतलेलं चित्र चाळीस वर्षांनी कोटीत गेलं तरी चित्रकाराला त्यातलं सहसा फारसं काही मिळत नाही. 'ग्राम यात्रा' विकलं गेलं तेव्हा हुसेन जाऊन चौदा वर्षं झाली होती. हे सगळं खरं. पण दुसरा पर्याय काय होता ते पण बघा. सरकारी अकादमी १९५४ साली आली. संस्था नवीन गोष्टीला नेहमी उशिरा हो म्हणतात, कारण तिथे समितीला पटावं लागतं. दुकानदाराला मात्र एकट्याला पटलं की पुरतं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च हा सन्माननीय अपवाद. होमी भाभांनी तिथे पन्नाशीच्या दशकापासून हुसेन, आरा, गायतोंडे यांची चित्रं घेतली. त्याच संस्थेत टिफ्रॅक हा भारतात बनलेला सुरुवातीचा संगणक १९६० साली चालू झाला, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी विसरू नये. पण तिथेही समितीपेक्षा एका माणसाची नजरच जास्त होती!

म्हणून माझा निष्कर्ष असा. नवी कला परक्या जमिनीत रुजायला चार माणसं लागतात: दाखवणारा, लिहिणारा, विकत घेणारा आणि दुकान उघडं ठेवणारा. युरोपची आधुनिक कला मुंबईत पक्की रुजली, कारण हे चौघं एकाच शहरात, एकमेकांच्या ओळखीत होते. सूझा लंडनमध्ये अर्धवट रुजले, कारण त्यांच्याकडे एकच खांब होता आणि तो दहा वर्षांत निघाला.

हे सगळं आपल्या भागाला लावून बघा. शिरूरच्या पेठेत, दौंडच्या स्टेशनाबाहेर फोटो फ्रेम करून देणारी दुकानं आहेत. रांजणगावचा महागणपती, शिवाजी महाराज, बाबासाहेब, आजोबांचा हार घातलेला फोटो. दोन्ही तालुक्यांतल्या शाळांतली पोरं एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात, त्यांतल्या काहींचा हात खरोखर चांगला असतो. पुढे काय? बरं चाललं तर एटीडी करून ड्रॉइंगचे सर. कारण या भागात चित्रकलेला पगार देणारी एकच गोष्ट आहे, शाळा. दुसरीकडे हायवेला बंगले होतायत, एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या रिसेप्शनमध्ये परदेशी धबधब्यांचे प्रिंट लागतायत. भिंती आहेत, पैसा आहे, हात आहेत.

नाही तो असा फ्रेमवाला, जो महागणपतीच्या शेजारी गावातल्या पोराचं एक चित्र लावील आणि कुणी विचारलं तर न लाजता भाव सांगेल. आणि नाही ते असं गिऱ्हाईक, जे भाव विचारील. पहिल्याला फार तर एक खिळा लागतो. दुसऱ्याचं काम माझ्यासारख्या पगारदार लोकांचं आहे. वास्तुशांतीला तेच ते घड्याळ देण्याऐवजी पुढच्या वेळी आपल्या तालुक्यातल्या एखाद्या ड्रॉइंगच्या सरांना किंवा त्यांच्या विद्यार्थ्याला विचारून बघा, एखादं चित्र विकाल का म्हणून. घासाघीस करू नका म्हणजे झालं!